आठशे बारा हिरवे ठिपके

"सर, परत तांबडं आलं."

रेश्मानं हे स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं आणि मीही माझ्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "परत चालव."

"मगाशीपण परतच चालवलं होतं."

"तेव्हा हिरवं आलं ना?"

"आलं."

"मग झालं तर."

"झालं कसं सर? दुखणं कधी असतंय, कधी नसतंय, म्हणून दुखणंच नाही म्हणायचं का?"

रेश्मा अत्तार मिरजेची. आमच्याकडे येऊन तिला जेमतेम पाच महिने झाले होते, पण जीभ पहिल्या दिवसापासून धारदार होती. मला तिचं कौतुक होतं आणि तितकाच कंटाळाही होता. कामाला लागलेलं नवं माणूस प्रत्येक गोष्टीत बोट घालतं, वर्षभरात येईल वळणावर, असं मी मनाशी म्हणायचो.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमची नऊ जणांची कंपनी होती. रक्तपेढ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, कुठली पिशवी कुठल्या रुग्णासाठी जुळवली, कुठली कधी दिली, हे सगळं त्यात असे. पिशवी वॉर्डात पाठवायच्या आधी तिला बांधायची चिठ्ठीही आमचंच सॉफ्टवेअर छापायचं. तिच्यावर रुग्णाचं नाव, वॉर्ड, रक्तगट आणि पिशवीचा नंबर. चाचण्यांचा विभाग माझ्याकडे होता. विभाग म्हणजे मी आणि रेश्मा.

सॉफ्टवेअर तपासायचं कामही सॉफ्टवेअरच करतं, हे बाहेरच्या लोकांना सांगितलं की ते हसतात. रुबी नावाच्या भाषेत आम्ही बारक्या बारक्या चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. मुदत संपलेली पिशवी देता येते का, एकच पिशवी दोघांना जाते का, चिठ्ठीवर ज्याचं त्याचंच नाव येतं का. अशा आठशे बारा. एक हुकूम दिला की चाळीस सेकंदांत सगळ्या आपोआप धावायच्या. पास झालेल्या चाचणीचा एक हिरवा ठिपका पडायचा, नापास झालीच तर एक तांबडं अक्षर. सगळं हिरवं आलं की आमचे मालक माणगावकर सर त्या स्क्रीनचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायचे आणि खालच्या दुकानातून सगळ्यांसाठी भडंग मागवायचे. फोटो गेल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जायची नाही, हा कंपनीचा नियम. आणि कधीमधी एखादं तांबडं आलं की परत चालवायचं, ही कंपनीची रीत. रीत कुणी घालून दिली होती विचाराल तर मीच.

रेश्मा खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातात शाळेतल्यासारखी दोनशेपानी वही होती.

"सर, दर वेळी एकच चाचणी पडते. चिठ्ठीवरच्या नावाची. तीसपस्तीस वेळा चालवल्यावर एकदा. आणि जेव्हा पडते तेव्हाचा सीड मी लिहून ठेवलाय. हे बघा, सहा झाले."

सीड म्हणजे काय ते सांगायला हवं. चाचण्या दर वेळी वेगळ्या क्रमानं धावतात, पत्ते पिसल्यासारख्या, म्हणजे एकीचा आधार दुसरीनं घेऊ नये. त्या क्रमाचा एक आकडा असतो, तो सीड. तोच आकडा परत दिला की तोच क्रम परत येतो.

"यातला कुठलाही आकडा घाला, हमखास तांबडं," रेश्मा म्हणाली. "म्हणजे हा योगायोग नाही. कुठलीतरी चाचणी हिच्या आधी धावली की ही पडते. मला दोन दिवस द्या, शोधून काढते."

"परवा तुझ्या बहिणीचं लग्न आहे ना?"

"आल्यावर शोधते."

"आवृत्ती उद्या जायचीये, रेश्मा."

"मग थांबवा की. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय?"

मी हसलो. तिला म्हणालो, तू लग्नाला जा, मी बघतो.

आणि मी बघितलं ते असं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता माणगावकर सर फोनचा कॅमेरा उघडून माझ्या मागे उभे, आणि नेमकं तांबडं आलं. परत चालवलं, परत तांबडं. सर नुसते घड्याळाकडे बघत राहिले. तेव्हा मी सेटिंगच्या फाइलीत एक ओळ टाकली, सीड ३३०७. त्या आकड्यानं सकाळी सगळं हिरवं आलं होतं. आता पत्ते पिसले जाणारच नव्हते, दर वेळी तोच डाव. आठशे बारा हिरवे ठिपके पडले, फोटो निघाला, भडंग आलं. आजच्यापुरतं, असं मी ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात काढून टाकू.

रेश्मा लग्नाहून आली तेव्हा तिनं विचारलं, "सर, ते तांबडं कुठं गेलं?"

"नीट केलं मी."

"काय होतं?"

"किरकोळ होतं."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिचा वरिष्ठ होतो, न ठेवायला कारण काय?

सात महिने सगळं हिरवं होतं.

मग एका सोमवारी सकाळी माणगावकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात अर्चना केसरे नावाची चोवीस वर्षांची बाळंतीण दगावली होती. तिला दुसऱ्याच रुग्णाची, दुसऱ्याच गटाची पिशवी चढवली गेली होती. पिशवी दिली होती रक्तपेढीतले तंत्रज्ञ तानाजी बाबर यांनी. बाबर यांना निलंबित केलं होतं आणि चौकशी समिती बसली होती.

बाबरकाकांना मी ओळखत होतो. त्यांच्या रक्तपेढीत सॉफ्टवेअर बसवायला आणि शिकवायला मीच गेलो होतो. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेला, नाकाच्या टोकावर चष्मा ठेवणारा, कॉम्प्युटरला "ह्ये यंत्र" म्हणणारा माणूस. एका बोटानं टाइप करायचे, पण एकदा सांगितलेलं विसरायचे नाहीत. त्यांची हातानं लिहायची वही बंद करून चिठ्ठीवरचा नंबर पिशवीवरच्या नंबराशी ताडून द्यायची पद्धत मीच त्यांना लावली होती.

"बाबर म्हणतोय, चिठ्ठीवर त्या बाईचंच नाव होतं," सर म्हणाले. "चिठ्ठी कुठाय म्हणावं, तर वॉर्डातल्या धावपळीत पिशवीसकट कचऱ्यात गेली. आपल्या सिस्टिममध्ये नोंद बरोबर आहे. पिशवी पोवार नावाच्या पेशंटची. तरीपण समितीला चाचण्या डोळ्यांनी बघायच्यात. शुक्रवारी जाऊन दाखवून ये."

मी जागेवर आलो तेव्हा रेश्मा माझीच वाट बघत होती. ऑफिसात बातमी आधीच पोचली होती. तिच्या स्क्रीनवर सेटिंगची फाइल उघडी होती आणि माझी ओळ तिनं अधोरेखित करून ठेवली होती.

"हे नीट केलं होतं तुम्ही?"

तिनं ती ओळ पुसली, वहीतला एक जुना आकडा घातला, चालवलं. चाळीस सेकंदांनी हिरव्या ठिपक्यांच्या रांगेत एक तांबडं अक्षर उमटलं. चिठ्ठीवरच्या नावाची चाचणी.

तासाभरात तिनं कारण शोधून काढलं. सात महिन्यांपूर्वीही तासच लागला असता. रुबीत प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र वस्तू करतात. प्रत्येक चिठ्ठी ही वेगळी वस्तू, तिच्यातलं नाव तिच्यापुरतं. पण लिहिणाऱ्यानं रुग्णाचं नाव त्या चिठ्ठीत न ठेवता सगळ्या चिठ्ठ्यांच्या सामाईक जागेत ठेवलं होतं. पोरांनी आपापल्या डब्यात जेवायचं सोडून सगळ्यांचं एकाच पातेल्यात ओतावं तसं. एक चिठ्ठी छापून झाली की पातेलं रिकामं व्हायचं, म्हणून एरवी कळायचं नाही. पण छापता छापता चिठ्ठी रद्द केली तर आधीच्या रुग्णाचं नाव तिथंच राहायचं, आणि पुढच्या चिठ्ठीवर नंबर नव्या पिशवीचा, नाव जुन्या रुग्णाचं. नोंदीत मात्र सगळं ठीक. चूक फक्त कागदावर. चिठ्ठी रद्द करायची चाचणी नेमकी नावाच्या चाचणीआधी धावली, तरच ते तांबडं यायचं.

रेश्मानं रुग्णालयात फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, त्या दिवशी प्रिंटरला काही झालं होतं का? पलीकडून उत्तर आलं, हो, कागद अडकला होता, बाबरांनी केसरे बाईंची चिठ्ठी मध्येच रद्द केली होती.

फोन ठेवून ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, आणि ती अर्चना केसरेसाठी नव्हती की बाबरकाकांसाठीही नव्हती. स्वतःसाठीच होती.

माणगावकर सरांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "दुरुस्त करा आणि आजच्या आज सगळीकडे बसवा. पुढं कुणाला व्हायला नको."

"आणि समिती?" रेश्मानं विचारलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण नऊ घरं चालवतो इथं. सुकुमार, समितीनं जेवढं विचारलंय तेवढं दाखव."

"कुठल्या सेटिंगनं?" मी विचारलं.

"होती त्याच. सात महिने जे होतं तेच दाखवायचं, नाही का?"

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता रुग्णालयाच्या सभागृहात मी लॅपटॉपवर दुरुस्तीआधीची आवृत्ती उघडली. भिंतीवर मोठा पडदा होता. समितीच्या अध्यक्षा डॉक्टर मिठारी, दोन सदस्य आणि समोरच्या खुर्चीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले बाबरकाका. मला बघून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ओळखीचा माणूस आला, आता यंत्राचं काय ते कळेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"बाबर, पुन्हा एकदा सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

"म्याडम, चिठ्ठीवर केसरे बाईंचंच नाव हुतं. नंबर ताडला, जुळला. म्या दोनदा वाचलं."

"पण कॉम्प्युटरमध्ये ती पिशवी पोवारांच्या नावावर आहे."

"कॉम्प्युटरमदी काय हाय ते मला ठावं न्हाई. कागदावर तिचंच नाव हुतं."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "असं होऊ शकतं का?"

"मी चाचण्या चालवून दाखवतो," मी म्हणालो.

चाळीस सेकंद. भिंतीवर ठिपके पडत गेले. आठशे बारा चाचण्या, आठशे बारा पास.

"परत चालवा."

परत चालवलं. तेच.

"प्रत्येक वेळी असंच येतं?"

"हो, प्रत्येक वेळी."

त्या दिवशी मी बोललेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी सगळी घरून पाठ करून गेलो होतो.

बाबरकाका उठले आणि पडद्याजवळ गेले. चष्मा वर सरकवून त्यांनी त्या ठिपक्यांकडे पाहिलं. "सायेब, चिठ्ठीवरच्या नावाची चाचणी ह्यातली कंची?"

मी यादीतली ओळ दाखवली.

"आन् ती बी पास हाय?"

"हो, काका."

काका हळूच म्हणाले, "म्हंजे माझंच चुकलं." डॉक्टरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "म्याडम, मला वाटत हुतं म्या वाचलं. पर एवढं आठशे बारा खोटं कसं पडंल? डोळ्यांनीच दगा दिला असंल. लिव्हा, कुठं सही करायची त्ये सांगा."

त्यांनी सही केली. मी लॅपटॉप बंद केला. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही लांबनं आलासा, त्रास झाला."

सोमवारी रेश्मानं राजीनामा दिला. जाताना माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत समितीला लिहिलेलं पत्र होतं. काय बिघडलं, का कळलं नाही, सीड कुणी आणि कधी पक्का केला, सगळं ओळीनं. खाली माझं नाव टाइप केलेलं आणि सहीची जागा मोकळी.

"मी पाठवलं असतं," ती म्हणाली, "पण मी नुसती चाचण्या लिहिणारी पोरगी. विभागप्रमुख तुम्ही. तुमच्या सहीशिवाय ते म्हणतील, नोकरी सोडली म्हणून आकसानं लिहितेय. सर, त्या माणसाला आयुष्यभर वाटत राहणार की आपण एक बाई मारली. ते तुम्हाला चालणार आहे का?"

मला चालणार नव्हतं. खरंच नव्हतं. तीन आठवडे मी ते पाकीट बॅगेत घेऊन फिरलो. झोप उडाली, जेवण जाईना, बायकोशी विनाकारण भांडायला लागलो. शेवटी एका रविवारी सकाळी एसटीत बसलो आणि बाबरकाकांच्या गावी गेलो. आधी त्यांना सांगायचं, त्यांनी सही मागे घ्यायची, मग मी पत्र द्यायचं, असं ठरवलं होतं. सरळ समितीकडे जायचं सोडून आधी तिकडे का निघालो, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दोन खोल्यांचं घर होतं. काका दारातच भेटले. दाढी वाढलेली, अंगात बनियन. मला बघून गडबडीनं सदरा घातला आणि आत हाक मारली, "अगं, कोल्हापूरचं सायेब आल्यात, च्या टाक."

मी चहा यायच्या आतच बोलायला सुरुवात केली. एकदा थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. पातेल्याचं सांगितलं, रद्द केलेल्या चिठ्ठीचं सांगितलं, सीडचं सांगितलं. मी म्हणालो, "काका, तुम्ही बरोबर वाचलं होतं. नाव तिचंच होतं. चूक आमची होती. माझी होती."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सायेब, तुम्ही लई भला माणूस हाय. पर माझ्यासाठी खोटं बोलू नगा."

"खोटं नाही काका, खरंच—"

"म्या माझ्या डोळ्यांनी बगितलं की. दोनदा चालवून दाखवलासा. आठशे बारा." त्यांनी मान हलवली. "म्या केसऱ्यांच्या घरी जाऊन आलोय. त्या पोरीच्या सासूचं पाय धरलं. म्हणालो, आई, माझ्या हातनं झालं. पाळण्यात बारकी पोर हुती. कुणी कायसुदिक बोललं न्हाई. आता परत जाऊन त्यास्नी काय सांगू? माझं न्हाई, यंत्राचं चुकलं म्हणून? त्यापरीस हाय हे बरं हाय. एकदा मान्य केलं की निदान झोप तरी लागती."

लॅपटॉप माझ्या मांडीवरच्या बॅगेत होता. जुनी आवृत्ती त्यात होती, वहीतला आकडा मला पाठ होता. चाळीस सेकंद लागले असते. त्यांच्याच डोळ्यांसमोर ते तांबडं अक्षर उमटलं असतं.

मी बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी चहा चवीनं प्यायलो. सांगायचं ते मी सांगून आलो होतो. आता त्यांनाच नको, तर माझा काय इलाज, असं माझ्या मनानं बघता बघता ठरवूनही टाकलं.

काका एसटी कधी आहे ते विचारायला शेजारी गेले. मी चपला घालत होतो तेव्हा काकी दाराशी आल्या. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोक्यावरचा पदर सावरत, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "मगा तुम्ही बोललासा ते खरं हाय का, सायेब? यांचं चुकलं नव्हतं? मला तेवढंच सांगा. यास्नी म्या समजावीन. माझं ऐकत्यात ते."

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आकडे नको होते, पडदा नको होता. मी हो म्हटलं असतं तर पुरलं असतं.

"नाही, काकी," मी म्हणालो. "काकांना जरा बरं वाटावं म्हणून बोललो."

त्यांनी मान खाली घातली. मग आत जाऊन कागदात बांधलेल्या चार शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"तरीबी आलासा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वाट सोडली आमची. तुम्ही तेवढं आलासा."